आईला आमवात झालाय. ही 'कॅन्सरची गोळी' सुरू करू का?

प्रश्न थोडक्यात असा: आई 47 वर्षांची, इचलकरंजीत यंत्रमागावर कांड्या भरायचं काम करते. चार महिने झाले, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही, भाकरी थापणं बंद झालंय. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, अँटी-सीसीपी 200 च्या वर. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं, पण औषधाच्या दुकानात कळलं की ही कॅन्सरची गोळी, म्हणून स्ट्रिप तशीच कपाटात पडून आहे. मावशी एका गावाहून 'हमखास गुण येणाऱ्या' पुड्या आणायला निघाली आहे. हा आजार झाला कशानं, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का, आणि मुलगी म्हणून मलाही होईल का?

आधी कामाचं सांगतो. गोळी याच आठवड्यात सुरू करा आणि मावशीला थांबवा. 'चार महिने झाले' हे तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण माझ्या लेखी तुमच्या सगळ्या प्रश्नात तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. ते का, ते पुढे येईलच.

निदानाबद्दल मला फारशी शंका वाटत नाही. आरए फॅक्टर म्हणजे आमवातात रक्तात सापडणारं एक प्रतिपिंड (अँटीबॉडी). एकटा तोच पॉझिटिव्ह असता तर मी थांबलो असतो. तो साठीपुढच्या धडधाकट माणसांत सापडतो, हिपॅटायटिस सी आणि टीबीतही सापडतो, आणि तेवढा एक कागद हातात घेऊन घाबरून आलेली माणसं आम्ही नेहमी बघतो. चिकनगुनियानंतरही सांधे असेच महिनोन् महिने धरतात. 2006 च्या साथीनंतर आपल्याकडे हे पुष्कळांनी भोगलं. पण आईचं चित्र वेगळं आहे. दोन्ही हातांचे लहान सांधे एकाच वेळी सुजलेले, सकाळचं आखडणं तासभर टिकणारं, आणि अँटी-सीसीपी, ही आमवाताची जास्त नेमकी रक्ततपासणी, एवढी चढलेली. घरी एक करून बघा: आईचा पंजा हातात घेऊन चार बोटांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा. तिथे कळ येईल; नखाजवळच्या शेवटच्या पेराला बहुधा काही नसेल. वयोमानाने होणारी झीज बरोबर उलटं करते, ती शेवटच्या पेरापाशी गाठी आणते.

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने 1996 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड उपक्रमात भिगवणला घरोघर जाऊन पाहणी केली होती. तिथे प्रौढांमध्ये आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, निघाला सुमारे अर्धा टक्का. गुडघ्याची झीज त्याच्या कितीतरी पट, आणि कंबर-पाठ-अंगदुखी तर त्याहून जास्त. म्हणूनच 'आमच्या आत्याला पण वात होता, तिला तेलानं बरं वाटलं' या वाक्यावर विसंबू नका. आत्याचा वात बहुतेक वेळा दुसराच असतो.

आता कारण. थंड पाण्याने झालेला नाही, दह्याने नाही, वांग्याने नाही. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्याच्या अस्तराला परकं समजते. ते अस्तर सुजतं, जाड होतं, आणि मग कडेने कूर्चा आणि हाड कुरतडत जातं. एवढं बहुतेकांना डॉक्टर सांगतात. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कळलेली खरी नवलाची गोष्ट अशी की या आजाराची सुरुवात बहुधा सांध्यात होतच नाही, आणि ती दुखण्याच्या बरीच आधी होते.

नेदरलँड्समध्ये संशोधकांनी आमवाताचे असे 79 रुग्ण घेतले, ज्यांनी आजारी पडण्यापूर्वी रक्तदान केलेलं होतं. रक्तपेढीत त्यांचे जुने नमुने गोठवून ठेवलेले होते. ते काढून तपासले तर जवळजवळ निम्म्या जणांच्या रक्तात लक्षणं दिसण्याआधीच आमवाताची ही प्रतिपिंडं सापडली, साधारण साडेचार वर्षं आधीपासून. स्वीडनमध्ये उमेआ इथल्या साठवलेल्या रक्तातही 2003 साली असंच आढळलं होतं. म्हणजे माणूस ठणठणीत, सांधा कोरा, आणि रक्तात तयारी सुरू.

मग ही तयारी होते कुठे? आपल्या प्रथिनांत आर्जिनिन नावाचा एक घटक असतो. काही एन्झाइमं त्याचं सिट्रुलिन करतात. हे सगळ्यांतच होतं. पण काही जणांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागते. अँटी-सीसीपी मोजते ती हीच. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसात हा बदल जास्त प्रमाणात होतो, आणि एचएलए-डीआरबी1 या जनुकाची विशिष्ट रूपं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी सिगारेट ओढली तर धोका कितीतरी पटींनी चढतो, हे स्वीडनच्या क्लारेस्कोग यांच्या गटाने 2006 मध्ये मांडलं. दुसरी संशयित जागा हिरड्या. हिरड्यांच्या जुनाट आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू स्वतःच असं एन्झाइम बनवतो. यातली गंमत बघा: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना वाटायचं की सांध्याचं दुखणं कुठल्या तरी लपलेल्या जंतुसंसर्गातून येतं, म्हणून ते रुग्णांचे चांगले दात आणि टॉन्सिल सरसकट काढून टाकत. पुढे ते खूळ ठरलं. आणि आता हिरड्या मागच्या दाराने परत आल्या आहेत. दात मात्र कुणी उपटायचे नाहीत. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आईला दंतवैद्याकडे नक्की न्या. घरात मिश्री लावायची सवय असेल तर तीही सोडायला हवी. आमवाताचा ठपका मी मिश्रीवर ठेवणार नाही, कारण ओढायच्या तंबाखूबद्दल जेवढा भक्कम पुरावा आहे तेवढा तिच्याबद्दल नाही. पण हिरड्यांची आणि तोंडाची ती वाट लावते, तेवढं कारण पुरेसं आहे.

तुमच्या आईच्या कामाचं वाचून मला एक अभ्यास आठवला. मलेशियात कापड-धाग्याच्या धुळीत काम केलेल्या बायकांमध्ये आमवाताचं प्रमाण जास्त आढळलं. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. दगडाच्या, म्हणजे सिलिकाच्या धुळीबद्दल तर जुना आणि पक्का पुरावा आहे. आईचा आजार कांड्या भरल्यानेच झाला असं यावरून म्हणता येत नाही. पण फुप्फुसात धूळ जाणं या आजाराला मानवत नाही, एवढं धरून चाला आणि कामावर तोंडाला नीट बसणारा मास्क लावायला सांगा. ओढणी गुंडाळून सूक्ष्म धूळ अडत नाही.

या सगळ्यात एकही कारण असं नाही की ते काढून टाकलं आणि आजार गेला. जुळ्या भावंडांचंच घ्या: जनुकं तंतोतंत सारखी, तरी एकाला आमवात असेल तर दुसऱ्याला तो होण्याचं प्रमाण ब्रिटनमधल्या अभ्यासात सुमारे 15 टक्केच निघालं. जनुकं, धूर, धूळ, हिरड्या, बाईपण (बायकांत हा आजार दोन-तीन पट जास्त) आणि बराचसा योगायोग, असं ते एकत्र येतं. एकदा गाडी सुरू झाली की मूळ कारण शोधून ती थांबत नाही. म्हणून आईला 'तू तेव्हा ऐकलं नाहीस' असं कुणी ऐकवू नये.

पुड्यांचं आता बोलू, कारण धोका तिथेच आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. कावीळ झाली किंवा दिवस राहिले की आमवाताच्या रुग्णांचे सांधे आपोआप निवतात, हे त्यांनी टिपून ठेवलं होतं. शरीरात तेव्हा काहीतरी तयार होत असणार, या तर्काने ते वर्षानुवर्षं शोधत राहिले, आणि सप्टेंबर 1948 मध्ये 29 वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला त्यांनी केंडॉल यांनी वेगळं केलेलं 'कंपाउंड ई' टोचलं. थोड्याच दिवसांत ती चालत बाजारात गेली. हेच कॉर्टिसोन. 1950 साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. आणि तोवर दुसरी बाजूही दिसायला लागली होती: गोल गरगरीत चेहरा, ठिसूळ हाडं, साखर, जंतुसंसर्ग, आणि औषध थांबवलं की पहिल्यापेक्षा जोरात उसळणारा आजार.

ज्या पुडीने तीन दिवसांत सूज उतरते तिच्यात बहुतेक वेळा हेच असतं, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन कुटून. मापाचा पत्ता नसतो. सहा-आठ महिने पुड्या खाल्लेला पेशंट दारातून आत येतानाच ओळखू येतो: चेहरा फुगलेला, हातापायाच्या काड्या, कातडीवर जरा लागलं की काळेनिळे डाग. त्यांना वाईट वाटतं ते याचं की तेवढे महिने त्यांना खरंच बरं वाटत होतं, आणि एक्स-रेमध्ये हाड तेवढ्याच काळात कुरतडलं गेलेलं असतं. पुडी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं, म्हणून आईने आधीच काही दिवस घेतली असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइड आम्हीही देतो, पण कमी मात्रेत, मोजके आठवडे, मूळ औषधाचा गुण येईपर्यंत.

ते मूळ औषध म्हणजे तुमच्या कपाटात पडलेली गोळी. दुकानदार खोटं बोलला नाही. मेथोट्रेक्सेट आणि त्याचं भावंड अमिनोप्टेरिन ही अमेरिकेतल्या लेडरले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातल्या भीमावरमच्या माणसाच्या देखरेखीखाली तयार झाली, रक्ताच्या कॅन्सरसाठी. 1951 साली गब्नर यांनी अमिनोप्टेरिन आमवाताच्या आणि सोरायसिसच्या काही रुग्णांना दिलं आणि गुण दिसला. पण तेव्हा सगळं जग कॉर्टिसोनने दिपलेलं होतं, कुणी लक्ष दिलं नाही. पुढे 1985 मध्ये बोस्टनच्या वाइनब्लाट यांनी अवघ्या 35 रुग्णांवर नीट आखलेली चाचणी प्रसिद्ध केली, 1988 मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मान्यता मिळाली. तीसेक वर्षं हातातलं औषध वाया गेलं, याचं मला अजून वैषम्य वाटतं.

कॅन्सरमध्ये हेच औषध ग्रॅमच्या हिशोबात दिलं जातं. आईला मिळणार आठवड्याला 10 ते 25 मिलिग्रॅम. एवढ्या मात्रेत ते पेशी मारत नाही, सूज शांत करतं. केस थोडे गळू शकतात, टक्कल पडत नाही.

मात्र ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि यात हयगय चालत नाही. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी उतरतात, तोंडभर फोड येतात, माणूस दगावतोही. जवळपास प्रत्येक वेळी कारण एकच: चिठ्ठीवरचं इंग्रजी कुणाला कळलं नाही. म्हणून वाराचं नाव मराठीत, मोठ्या अक्षरात स्ट्रिपवर लिहा. उपासाचा वार निवडू नका. सोमवार किंवा गुरुवार धरणाऱ्या बायका रिकाम्या पोटी गोळी घेतात आणि दुसऱ्या दिवशी मळमळतं म्हणून सोडून देतात. रविवारी रात्री जेवणानंतर बरी पडते. फॉलिक अॅसिड दुसऱ्या दिवसापासून, डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं. सुरू करण्यापूर्वी रक्ताचं प्रमाण, लिव्हर, किडनी, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. मग सुरुवातीला दोन-चार आठवड्यांनी आणि पुढे तीन महिन्यांनी रक्त. ताप किंवा जुलाब असतील तर त्या आठवड्याची गोळी टाळून डॉक्टरांना विचारा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे सेप्ट्रान, लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा; ही जोडी घातक आहे. दारूचा प्रश्न आईच्या बाबतीत नसेल, पण लिव्हरला चालणार नाही हे माहीत असू द्या. पाळी चालू असेल तर गर्भ राहणार नाही याची काळजी हवीच.

गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून डॉक्टर बदलणारे पुष्कळ. तसं करू नका.

आणि आता ते चार महिने. ग्लासगोमध्ये 2004 साली टिकोरा नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. 110 रुग्ण, दोन गट. एका गटाला नेहमीसारखं तीन महिन्यांनी बोलवायचं, डॉक्टरांच्या अंदाजाने औषध ठेवायचं. दुसऱ्याला दर महिन्याला बोलवायचं, सुजलेले आणि दुखरे सांधे एकेक मोजायचे, ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) धरून आकडा काढायचा, आणि आकडा ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल तर त्याच दिवशी औषध वाढवायचं किंवा सुजलेल्या सांध्यात इंजेक्शन द्यायचं. औषधं दोन्हीकडे जुनीच, साधी: सल्फासालाझिन, मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. दीड वर्षाने पहिल्या गटातल्या 16 टक्के लोकांचा आजार निवला होता. दुसऱ्या गटातल्या 65 टक्क्यांचा.

हा आकडा मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. नवीन रेणू नाही, लाखाचं इंजेक्शन नाही. मोजणं, लवकर बोलावणं आणि रेंगाळू न देणं. पहिल्या काही महिन्यांत अस्तर सुजलेलं असतं, हाड अजून शाबूत असतं. कुरतडलेलं हाड कुठल्याच औषधाने भरून येत नाही. तुमची आई अजून त्या पहिल्या टप्प्यात आहे, म्हणून मी घाई करतोय. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी सांधे मोजले नाहीत तर नम्रपणे विचारा की सूज किती सांध्यांवर आहे आणि आपण कुठवर उतरवायची ठरवलंय. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

मेथोट्रेक्सेट पूर्ण मात्रेत देऊनही तीन-चार महिन्यांत आजार हटला नाही तर आणखी दोन गोळ्या जोडून 'ट्रिपल' करतात. 2013 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हे स्वस्त त्रिकूट एटानरसेप्ट या महागड्या इंजेक्शनच्या तोडीचं ठरलं. त्यापुढे बायोलॉजिक्स, म्हणजे सूज आणणारं ठरावीक प्रथिन किंवा पेशी अडवणारी इंजेक्शनं. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांनी सुजलेल्या सांध्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवलं की टीएनएफ हे एकच प्रथिन अडवलं तर सुजेची बाकीची साखळीही ढिली पडते. 1992 मध्ये चॅरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना टीएनएफ अडवणारं औषध दिलं गेलं. ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत त्यांच्यासाठी हे वरदान आहे, पण आपल्या देशात एक मोठी अडचण: टीएनएफ हेच शरीरात दबून असलेल्या टीबीला कोंडून ठेवत असतं. त्यामुळे एक्स-रे आणि टीबीची तपासणी झाल्याशिवाय असं इंजेक्शन कुणी देत असेल तर घेऊ नका. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आता आपल्याकडे स्वस्त झाल्यात, म्हणून सरसकट लिहिल्या जातात; 2022 च्या मोठ्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत त्यांनी हार्ट अॅटॅक आणि काही कॅन्सर जास्त दिसले. आईसाठी हे सगळं आज विचारात घ्यायची गरज नाही.

आयुर्वेदाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात विषय निघणारच. कोइमतूरला 43 रुग्णांवर एक प्रामाणिक, कुणाला कोणतं औषध ते डॉक्टर-रुग्ण दोघांनाही कळणार नाही अशी चाचणी झाली, 2011 मध्ये छापून आली: आयुर्वेदिक औषध, मेथोट्रेक्सेट, आणि दोन्ही मिळून. तिन्ही गटांत साधारण सारखा गुण. मला ती चाचणी आवडते, पण 43 माणसांवरून आईचं हाड वाचेल याची हमी मी घेणार नाही. तिथे शिकलेले वैद्य आणि ठरलेली औषधं होती, मावशीच्या पुड्या नव्हेत. शिकलेल्या वैद्यांकडे जायचं असेल तर जा, गोळी चालू ठेवून, दोघांना एकमेकांबद्दल सांगून. लिव्हरची तपासणी तेवढी चुकवू नका.

खाण्यात काही सोडायची गरज नाही. डाळी बंद करतात ते यूरिक अॅसिडच्या, म्हणजे गाउटच्या, गैरसमजातून. आधीच भूक मेलेली, त्यात डाळ-दही-लिंबू बंद, मग स्नायू झडतात आणि हात आणखी अशक्त होतात. हाताला आराम म्हणून पूर्ण बंदही ठेवू नका. ब्रिटनमध्ये 2015 साली आलेल्या चाचणीत बोटांचे-मनगटाचे ठरवून दिलेले व्यायाम नियमित केलेल्यांचे हात वर्षभराने जास्त कामाचे राहिले. कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघड-मीट करणं एवढ्यापासून सुरुवात पुरे. भाकरी सध्या दुसऱ्या कुणीतरी थापा.

जन्मभर का? आजार पूर्ण निवून सहा महिने-वर्ष तसाच राहिला तर आम्ही औषध उतरवत नेतो, आधी स्टेरॉइड, मग बाकीचं. बहुतेकांना थोडी मात्रा चालू ठेवावी लागते. थोड्या जणांचं पूर्ण सुटतं. अँटी-सीसीपी एवढी जास्त असताना आईचं पूर्ण सुटेल असं आज आश्वासन देणं बरं नव्हे.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. आईला आमवात असेल तर मुलीचा धोका इतरांपेक्षा काही पट जास्त असतो, पण मूळ प्रमाणच एवढं कमी की बहुतेक मुलींना तो कधीच होत नाही. लक्षण नसताना अँटी-सीसीपी करून घेऊ नका; पॉझिटिव्ह आली तर झोप उडेल आणि हातात द्यायला आज पक्का उपाय नाही. प्रयत्न चालू आहेत: 2024 मध्ये ब्रिटन-नेदरलँड्समधल्या चाचणीत, प्रतिपिंडं आहेत आणि सांधे नुसते दुखतात अशा लोकांना वर्षभर अॅबाटासेप्ट हे बायोलॉजिक औषध दिलं, तर वर्षअखेर 6 टक्क्यांना आजार झाला, न दिलेल्यांत 29 टक्क्यांना. औषध थांबवल्यावर दुसऱ्या वर्षी हे अंतर 25 आणि 37 वर आलं, म्हणजे आजार बराचसा पुढे ढकलला गेला. तुम्ही धूम्रपान करू नका, घरात कुणी करत असेल तर थांबवा, दात-हिरड्या सांभाळा. आणि कधी सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बोटं आखडू लागली, मुळाशी सूज दिसली आणि ती सहा आठवडे टिकली, तर आईसारखे चार महिने घालवू नका.